गॅरी गायगॅक्स: तुमच्या गेममधल्या ‘बॉस फाइट’मागचा माणूस

मोबाइलवर गेम खेळताना डोक्यावर लाल एचपी बार असलेला एक भलामोठा ड्रॅगन समोर येतो. आपली लेव्हल कमी असेल तर दोन फटक्यांत खेळ खल्लास! पण हे एचपी, लेव्हल, एक्सपी, ‘क्लास’ निवडणं, हे सगळं आलं कुठून? मोबाइल सोडा, घरोघरी कॉम्प्युटर येण्याच्याही आधी हे कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळलं जात होतं. त्यामागे जी दोन मोठी नावं आहेत, त्यातलं एक म्हणजे गॅरी गायगॅक्स. चला, त्यांची गोष्ट जाणून घेऊया.

शाळा सोडली, खेळ नाही

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोमध्ये झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी लहान असतानाच कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेलं. वाचनाचं आणि खेळांचं प्रचंड वेड, पण शाळेत मन रमेना. हायस्कूल त्यांनी अर्धवटच सोडलं.

पुढे लग्न झालं, मुलं झाली, विमा कंपनीत नोकरी लागली. फावल्या वेळात टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या, हा छंद मात्र सुटला नाही. १९६८ मध्ये त्यांनी गावातला हॉल भाड्याने घेऊन अशा खेळाडूंचा मेळावा भरवला. तोच आजचा प्रसिद्ध ‘जेन कॉन’.

१९७० मध्ये नोकरी गेली. पाच मुलांचा संसार, आणि कमाईसाठी घरीच चपला-बूट दुरुस्त करायचं काम. अशा ओढाताणीतही त्यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा खेळ आणला. त्याच्या शेवटी जादूगार, राक्षस आणि ड्रॅगन यांचे नियम जोडले होते. पुढचं सगळं या जोडपानांतूनच सुरू झालं.

दोन डोकी, एक खेळ

मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी हे नियम घेतले आणि खेळच बदलून टाकला. अख्खं सैन्य चालवायचं नाही, प्रत्येकाने एकच पात्र व्हायचं. पात्र एका फटक्यात मेलं की खेळाडू हिरमुसायचे, म्हणून त्यांनी हिट पॉइंट्स वापरले. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन गॅरींना हा खेळ दाखवला. गॅरी भारावले आणि टाइपरायटरवर नियम लिहायला बसले.

छापायला प्रकाशक मिळेना. मग १९७३ मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासोबत त्यांनी ‘टीएसआर’ ही कंपनी काढली. छपाईचे पैसे ब्रायन ब्लूम यांनी आणले. १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १,००० प्रती निघाल्या, त्याही घरच्या घरी खोक्यात भरलेल्या. वर्षभरात सगळ्या संपल्या!

ड्रॅगन नेमका चालायचा कसा?

या खेळात एक जण गोष्ट चालवतो. त्याला पुढे ‘डन्जन मास्टर’ म्हणू लागले. ड्रॅगन त्याच्या हातात असतो. त्या पहिल्या पुस्तिकांत ड्रॅगन म्हणजे फक्त आग ओकणारा प्राणी नव्हता:

- रंगावरून हत्यार: लाल आग ओकतो, पांढरा थंडी, निळा वीज, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू. म्हणजे रंग ओळखला की तयारी करता येते.
- वयावरून ताकद: ड्रॅगन जितका म्हातारा, तितके हिट पॉइंट्स जास्त. श्वासाने होणारं नुकसानही त्या पॉइंट्सवरच ठरायचं.
- श्वास मोजका: दिवसातून तीनदाच. त्यामुळे तो कधी वापरायचा, हे डोकं लावून ठरवावं लागायचं.
- झोप आणि बोलणं: ड्रॅगन झोपलेला असू शकतो, बोलूही शकतो. हे फाशांवर ठरायचं.
- मारणं सक्तीचं नाही: त्याला नमवून पकडता यायचं, अगदी विकताही यायचं!

म्हणजे गुहेत शिरल्यावर तलवार काढणं हा एकच पर्याय नव्हता. गुपचूप खजिना पळवा, गोड बोलून सुटका करून घ्या, नाहीतर सरळ मागे फिरा. आजच्या बऱ्याच गेम्समध्ये बॉसला हरवल्याशिवाय दारच उघडत नाही. इथे मात्र समोर माणूस बसलेला, त्यामुळे खेळाडूने काहीही सुचवलं तरी त्याला उत्तर मिळायचं.

कॉम्प्युटरवाल्यांनीही ही कल्पना लगेच उचलली. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी १९७५ च्या सुमारास ‘डीएनडी’ नावाचा गेम बनवला. त्यात खजिन्यावर सोनेरी ड्रॅगन बसलेला होता. व्हिडिओ गेममधल्या अगदी पहिल्या बॉसमध्ये त्याची गणना होते.

यश आलं, आणि हातातून गेलं

१९७७ ते १९७९ दरम्यान ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची तीन जाड पुस्तकं आली. त्यांवर लेखक म्हणून फक्त गॅरींचं नाव होतं. आर्नेसन यांनी मानधनासाठी १९७९ मध्ये कोर्टात धाव घेतली, १९८१ मध्ये तडजोड झाली. गॅरींची मेहनत अफाट होती, यात शंका नाही. पण मूळ ठिणगी आर्नेसन यांची होती, हेही तितकंच खरं.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध ओरड सुरू झाली. मुलं बिघडतात, सैतानाच्या नादी लागतात, असे आरोप झाले. गॅरींनी टीव्हीवर येऊन खेळाची बाजू मांडली. पण त्याच काळात कंपनी कर्जात बुडाली होती. भागीदारांनी शेअर्स लॉरेन विल्यम्स यांना विकले आणि १९८५ मध्ये गॅरींच्या हातून कंपनीचा ताबा गेला. कोर्टातही हरले. १९८६ च्या अखेरीस ते स्वतः उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडले. पुढे दुसरा गेम काढला, तर जुन्या कंपनीने त्यावरही दावा ठोकला.

तरी खेळणं थांबलं नाही. उतारवयातही लेक जिनिव्हाच्या घरी ते पाहुण्यांसोबत फासे टाकायचे. ४ मार्च २००८ रोजी, ६९ व्या वर्षी, त्याच गावात त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्नेसनही गेले.

आता तुमची पाळी

हा खेळ करून बघायला महागडा फोन लागत नाही. तीन-चार मित्र, कागद, पेन्सिल आणि फासे पुरेत. फासे नसतील तर मोबाइलवरचं डाइस अॅप वापरा. एकाने ड्रॅगन व्हा, त्याचा रंग आणि वय ठरवा. आणि मुख्य म्हणजे, त्याला नेमकं काय हवंय, तेही आधीच ठरवून ठेवा. मग मित्र गुहेत शिरले की विचारा: आता काय करणार?