खिताईच्या वाटेवर

चौल आपल्या रायगड जिल्ह्यातच आहे. उरणच्या करंजा बंदरातून तरीने रेवसला उतरायचं, तिथून एस.टी.ने अलिबाग आणि पुढे चौल-रेवदंडा. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समुद्रावरचा पोर्तुगीजांचा पडका कोट आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. चारशे वर्षांपूर्वी इसाक नावाचा एक आर्मेनियन माणूस या चौलात राहायला आला. त्याच्याजवळ ना पैसा होता ना माल. एका प्रवासाची गोष्ट मात्र होती. तो प्रवास त्याने ज्याच्याबरोबर केला, त्या बेंतो द गोइशचे हे चरित्र आहे.

बेंतोचा जन्म इ. स. १५६२ मध्ये पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी साओ मिगेल बेटावर झाला. तो शिपाई होऊन हिंदुस्थानात आला. तरुणपणी त्याचं वागणं काही फारसं चांगलं नव्हतं. मग मन पालटलं आणि तो गोव्यात जेझुइट नावाच्या ख्रिस्ती धर्मसंघात गेला. तिथेही टिकला नाही, सोडून गेला. पण १५८८ मध्ये परत आला तो कायमचा. पाद्री व्हायला मात्र त्याने नकार दिला. तो शेवटपर्यंत साधा ब्रदरच राहिला. १५९५ मध्ये त्याला लाहोरला अकबर बादशहाच्या दरबारी पाठवले. त्याला फारसी छान येई, स्वभाव मोकळा, त्यामुळे बादशहाचा त्याच्यावर लोभ जडला.

आता प्रवासाला निघण्याचे कारण ऐका. तीनशे वर्षांपूर्वी मार्को पोलोने खिताई नावाच्या मोठ्या देशाचे वर्णन लिहिले होते. तो खुष्कीच्या वाटेने गेला होता. पुढे पोर्तुगीज लोक गलबतांतून पूर्वेला गेले, त्यांना चीन देश लागला. मग खिताई कुठला आणि चीन कुठला? नकाशांवर दोन निरनिराळे देश दाखवत. पेकिंगला राहणारा मात्तेओ रिची नावाचा जेझुइट पाद्री कळवत होता की हा एकच देश आहे. पण अकबराच्या दरबारात एक व्यापारी आला, त्याने सांगितले की खिताईत पुष्कळ ख्रिस्ती लोक राहतात. चीनमध्ये तर ते सापडत नव्हते. झालं, पुन्हा घोळ! घरी बसून हा वाद मिटणारा नव्हता. कोणीतरी जमिनीवरून चालत जाऊन पाहायला हवं होतं. गोव्याहून बेंतोची निवड झाली. अकबराने पैसे दिले, वाटेतल्या राजांना पत्रे दिली.

२९ ऑक्टोबर १६०२ रोजी बेंतोने आग्रा सोडले. त्याने दाढी आणि केस वाढवले, डोक्याला पागोटे बांधले, कमरेला तलवार आणि पाठीला बाणांचा भाता लावला. आर्मेनियन व्यापाऱ्याचं सोंग घेतलं. नाव घेतलं अब्दुल्ला, पण त्यापुढे ईसाई हा शब्द जोडला. म्हणजे वेष बदलला तरी धर्म लपवला नाही. लाहोरला इसाक त्याला सामील झाला. इसाक तिथे राहणारा संसारी माणूस.

त्या काळी एकट्यादुकट्याने त्या मुलखात जाताच येत नसे. मोठा तांडा जमायचा, त्याला वाट माहीत असलेला नाईक असायचा, आणि सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. लाहोरचा तांडा सुमारे ५०० माणसांचा होता, शिवाय उंट, खेचरं आणि गाडे. अटकेला सिंधू ओलांडून पेशावर, मग खैबरकडचे डोंगर. लुटारू वरून धोंडे लोटत, म्हणून बरोबर सैनिक घ्यावे लागले. बेंतोबरोबर निघालेल्या दोघा ग्रीकांपैकी एक काबूलहून माघारी फिरला, दुसरा तिथेच व्यापाराला राहिला. उरले बेंतो आणि इसाक.

काबूलमध्ये मक्केहून परतणारी एक राजघराण्यातली बाई भेटली. ती काशगरच्या राजाची बहीण, आणि तिचा मुलगा खोतानचा राजा. तिचे पैसे संपले होते. बेंतोने तिला ६०० मोहरा दिल्या आणि व्याज घेणार नाही म्हणून सांगितले. बादशहाचे पैसे जपून वापरायचे, तर हा परक्या बाईला देऊन बसला! पण पुढे खोतानला त्या घराण्याने जेड नावाच्या मौल्यवान हिरवट दगडाच्या रूपाने सगळी फेड केली. तोच दगड चीनमध्ये विकण्याचा उत्तम माल ठरला.

हिंदुकुश ओलांडल्यावर एकदा बेंतो तांड्याच्या मागे राहिला. चार लुटारूंनी घेरले. त्याने डोक्यावरची इराणी टोपी काढून त्यांच्याकडे भिरकावली. ते ती टोपी चेंडूसारखी लाथाडत बसले, तोवर याने घोड्याला टाच मारली आणि निसटला!

मग आला पामीर. मनुष्यवस्ती नाही, झाड नाही, नुसते बर्फ आणि वारा. हवा इतकी विरळ की घोड्यांना श्वास घेता येईना. उपाय काय, तर लसूण, कांदा आणि सुकवलेले जर्दाळू! माणसे ते खात आणि जनावरांच्या तोंडाला लसूण चोळत. तरी बेंतोचे काही घोडे थंडीने मेलेच. पुढे एका मोठ्या नदीच्या काठावरून इसाक पाण्यात पडला. बाहेर काढला तेव्हा मेल्यासारखाच होता. आठ तास तो शुद्धीवर नव्हता. बेंतोने खटपट करून त्याला जगवले.

नोव्हेंबर १६०३ मध्ये ते यारकंदला पोचले. पुढचा तांडा निघायला एक वर्ष गेले. तिथून वाट ताकलामाकान वाळवंटाच्या कडेने होती. अक्सू, कुचा अशी गावे घेत ते काराशहरला आले, आणि इथेच खरी गंमत झाली. पेकिंगहून परतणारे व्यापारी तिथे भेटले. ते पेकिंगला रिचीच्याच वाड्यात उतरले होते. नवल म्हणून त्यांनी तिथल्या केरातला एक कागद जपून आणला होता. बेंतोने तो पाहिला, तर त्यावर पोर्तुगीज अक्षरे! या लोकांच्या बोलीत ते खिताईहून आले होते, आणि रिची तर चीनमध्ये. म्हणजे खिताई आणि चीन एकच. केरातल्या चिठोऱ्याने नकाशावरचा एक देश पुसून टाकला.

बेंतो परत फिरला असता तरी चाललं असतं. पण तो पुढेच गेला. तुर्फान, मग हामी. हामीपासून चीनच्या भिंतीपर्यंत नऊ दिवसांचे ओसाड रान. दिवाळीनंतर घाट उतरून मेंढ्या घेऊन येणारे धनगर आपण पाहतो. तसेच कळप घेऊन हिंडणारे, पण घोड्यावर बसून लूटही करणारे तार्तर लोक या भागात फिरत. त्यांनी मारलेल्या वाटसरूंची प्रेते वाटेवर दिसत. म्हणून तांडा रात्री, एक शब्द न बोलता चालायचा. अशाच एका रात्री बेंतो घोड्यावरून पडला. काळोखात कोणाला कळलं नाही. मुक्कामावर पोचल्यावर इसाकच्या लक्षात आले की धनी नाही. तो एकटा उलट निघाला. खूप शोधलं, काही दिसेना. शेवटी अंधारातून येशूचे नाव घेणारा आवाज ऐकू आला, त्या आवाजाच्या रोखाने गेला आणि बेंतो सापडला. बेंतोने तर आशाच सोडली होती. मला वाटते, नदीकाठचे आठ तास इसाक विसरला नव्हता.

१६०५ च्या अखेरीस ते भिंतीच्या आतल्या सुचौ गावी आले. आज त्याला जिउच्वान म्हणतात. त्याआधी दोनच महिने, ऑक्टोबरात, इकडे अकबर बादशहा वारला होता.

पुढे जायला परवानगी लागे. बेंतोने रिचीला पत्र लिहिले, पण तिथल्या पाद्र्यांची चिनी नावे त्याला ठाऊक नव्हती. पत्ता चुकला, पत्र पोचले नाही. दुसरे पत्र नोव्हेंबर १६०६ मध्ये पोचले. रिचीने जुआन फर्नांडिस हे ख्रिस्ती नाव घेतलेल्या एका चिनी ब्रदरला पाठवले. तो वाटेत निम्मे पैसे चोरीला गेले तरी थांबला नाही. मार्च १६०७ च्या अखेरीस तो आला, तेव्हा बेंतो अंथरुणाला खिळला होता. ११ एप्रिल १६०७ रोजी बेंतो वारला. वय ४५ च्या आसपास.

बेंतो रोज वही लिहीत असे. वाटेवरची गावे, दिवस, आणि कोणाला किती उसने दिले तेही. ती वही तांड्यातल्या देणेकऱ्यांनी फाडून टाकली! मालही बळकावला. इसाकला कैदेत टाकले. फर्नांडिसने अंगावरचे कपडे विकून पाच महिने खटला लढवला. इसाकशी बोलता यावे म्हणून तो फारसीही शिकला. सुटल्यावर दोघे पेकिंगला गेले. तिथे रिचीने वहीचे उरलेले तुकडे जुळवले, आणि जिथे तुकडे नव्हते तिथे इसाकला विचारून लिहून घेतले. आज बेंतोचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे तो एवढ्याचमुळे.

मग इसाकला मकावमार्गे जहाजाने हिंदुस्थानात धाडले. वाटेत डच लोकांनी जहाज पकडले, मलाक्काच्या पोर्तुगीजांनी पैसे भरून त्याला सोडवले. इकडे पोचल्यावर कळले की बायको वारली. मग लाहोरला जाऊन काय करायचे? तो चौलातच राहिला. रिचीची हकिगत १६१५ मध्ये युरोपात छापून निघाली. तीत लिहिले आहे की इसाक अजून चौलात हयात आहे.