तांबेऱ्याशी झुंजलेली मार्गारेट

आमच्या सवला भातशेती. गव्हावरचा तांबेरा मला ठाऊकच नव्हता. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले, तेव्हा तिथे या रोगावर संशोधन करणारं केंद्र आहे हे कळलं. त्यावर वाचताना भेटली मार्गारेट न्यूटन.

१८८७ साली कॅनडात जन्मलेली ही बाई. शिकतानाच तिच्या लक्षात आलं, तांबेरा एकच नाही, त्याचे अनेक प्रकार आहेत. म्हणून एका प्रकाराला दाद न देणारा गहू दुसऱ्यापुढे मान टाकतो. १९२२मध्ये डॉक्टरेट मिळवून ती विनिपेगच्या प्रयोगशाळेत हे प्रकार वेगळे करत राहिली. नवे वाण काढणाऱ्यांना त्याचाच आधार झाला. पण तांबेऱ्याची भुकटी तिच्या फुप्फुसांत गेली. १९४५ साली काम सोडावं लागलं, १९७१मध्ये ती गेली.

मैत्रिणींनो, आता कणीक मळताना मला तिची आठवण येते.