धारवाडात जन्मलेले बाळू पालवणकर

तारिहाळचे आपण काय, हुबळीच्या जुन्या पेठांतली मराठी घरे काय, धारवाडचा विषय निघाला की आपल्या तोंडी पहिल्यांदा गवयांची नावे येतात. त्यात वावगे काही नाही. पण याच धारवाडात १८७६ च्या सुमारास एका मराठी चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या क्रिकेटपटूचे नाव आपल्या घरांत सहसा निघत नाही. बाळू पालवणकर हे ते नाव. यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहावे असे आम्ही ठरवले. त्यांची हकीकत सांगताना एका बंद पडलेल्या स्पर्धेचीही हकीकत सांगावी लागते, कारण दोन्ही एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. वडील लष्कराच्या चाकरीत. पुढे कुटुंब पुण्याला आले आणि तिथे बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, कोणी सांगितले तर नेटमध्ये दोन चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागले. तिथे नेट बांधणे, मैदान आखणे ही कामे होतीच, पण आता साहेबांना सरावासाठी गोलंदाजीही करायची होती. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्यासमोर तासन्‌तास सराव करी. आपल्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचे खरे-खोटे काहीही असो, डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा तरुण रोजच्या शेकडो चेंडूंवर घडत गेला एवढे खरे. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, घाम नोकराने गाळायचा!

पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायचे होते, आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज तर साहेबांच्याच मैदानावर झाडलोट करत होता. जात अस्पृश्य मानलेली. बरीच कुरबूर झाल्यावर त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळ्यांनी एकाच चेंडूला हात लावायचा, पण चहाची वेळ झाली की बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या कुल्हडातून चहा घ्यायचा आणि जेवणाला वेगळ्या पंगतीला बसायचे, असा तो प्रकार. साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना झाला तेव्हा खेळपट्टीवर रूळ फिरवून फिरवून ती फिरकीला निकामी करून ठेवली होती म्हणतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत, हा प्रश्न पुण्यात उभा राहिला तेव्हा न्यायमूर्ती रानडे बाळूंच्या बाजूने उभे राहिले.

१८९६ ला प्लेगची साथ आली आणि पुढे बाळूंचा मुक्काम मुंबईला हलला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळताना पुन्हा कुरबूर झालीच. पोटापाण्याची सोय मात्र बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या नोकरीने झाली.

आता त्या स्पर्धेकडे येऊ. मुंबईत पारशी आणि युरोपियन संघ आधीपासून एकमेकांशी खेळत होते. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघ युरोपियनांशी खेळला आणि १०९ धावांनी जिंकला. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, धाकटे बंधू शिवराम हेही संघात होते. १९०७ पासून तीन संघांची तिरंगी सुरू झाली, १९१२ ला मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी झाली, १९३७ ला उरलेल्यांचा पाचवा संघ येऊन पंचरंगी झाली. आजच्या आयपीएलला होत नसेल इतकी गर्दी आणि वादावादी त्या सामन्यांना होई, असे आमच्या आजोबांच्या पिढीकडून आम्ही ऐकत आलो.

१९११ ला पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज फार थोडे सामने खेळले, संघ बहुतेक ठिकाणी हरला. पण पस्तिशीच्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुढेही ते दहाएक वर्षे खेळले. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांचे बळी १७९ आणि सरासरी १५.२१. हे आकडे आज पाहिले तरी थक्क व्हायला होते.

इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. म. दा. पै कर्णधार होते आणि हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा आहे, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे बोलून दाखवले होते. १९२० च्या चौरंगीत तर बाळूंना वगळलेच. पै आजारी पडले तेव्हा नेतृत्व दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर मोठेच खेळाडू, त्यांच्या गुणवत्तेबद्दल शंका नव्हती. पण बंधू विठ्ठल यांचा हक्क डावलला गेला तो जातीमुळे, असे पालवणकरांना वाटले आणि विठ्ठल व शिवराम संघातून बाहेर पडले. प्रकरण गाजले. अंतिम सामन्याला दोघे परत आले, बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला. आम्हाला यात समाधान वाटत नाही, उलट चुटपुटच लागते. पंधरा वर्षे ज्याच्या जिवावर सामने जिंकले त्याच्या वाट्याला एवढेच? १९२३ ला मात्र विठ्ठल कर्णधार झाले, युरोपियनांविरुद्ध जिंकले, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. विठ्ठलांनी पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिले.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचा अभिमान होता. पुढे मार्ग वेगळे झाले. पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. या उमेदवारीबद्दल आजही दोन मते आहेत, आणि आमच्या मंडळातही ती निघतात.

धर्मानुसार संघ करण्याला गांधीजींनी १९४० ला विरोध केला, आणि १९४६ ला पंचरंगी कायमची थांबली. बाळूंनी तेही पाहिले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, सांताक्रूझला अंत्यसंस्कार झाले.

उत्सवातल्या मुलांच्या टेनिस-बॉल सामन्यांच्या चषकाला बाळूंचे नाव द्यावे, अशी सूचना यंदा आमच्यापैकी काहींनी मांडली आहे. निर्णय विसर्जनानंतरच्या सभेत होईल. सभासदांनी जरूर यावे.