विश्लेषण : डोंबिवली स्थानक, ६१७४ आणि मोबाइलमधला पुरावा… गणिती द. रा. कापरेकर कोण होते?

गुन्ह्यात जप्त केलेला मोबाइल न्यायालयात पोहोचेपर्यंत त्यातला एकही संदेश बदललेला नाही, हे सिद्ध कसे करायचे? ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रोज फोनवरून व्यवहार करणाऱ्यांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फसवणुकीचा खटला त्यावर टिकू शकतो किंवा कोसळू शकतो. त्याचे उत्तर डिजिटल न्यायवैद्यक शास्त्र देते आणि ते अंकांच्या खेळावर उभे आहे. संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी असाच खेळ मांडणारे गणिती म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. न्यायवैद्यकाशी त्यांचा थेट संबंध नव्हता, पण ही कठीण गोष्ट समजून घ्यायला त्यांचे गणित फार उपयोगी पडते.

ठाण्यातले शिक्षण

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद असल्याने आकडेमोड घरातच होती. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

डोंबिवलीशी नाते काय?

कापरेकरांनी अभ्यासलेल्या एका संख्याप्रकाराला ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरील, मुंबईपासून ३० मैलांवरचे स्थानक, म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांचा विचार तिथे सुचला म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव दिले. ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१, ही त्यातली सोपी उदाहरणे. रोज लोकल पकडणाऱ्या अनेकांना हे ठाऊकही नसेल.

स्वयंभू संख्या म्हणजे काय?

एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४ येतात. म्हणजे २४ चा जनक २१. कापरेकरांनी प्रश्न उलटा विचारला : हाती आलेली संख्या कुठून आली? २० ला जनकच नाही, म्हणून ती स्वयंभू. याउलट १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. नुसत्या १०१ वरून मूळ संख्या कोणती हे सांगता येत नाही.

पुराव्यात याचा उपयोग कसा समजतो?

तपासात मूळ मोबाइल किंवा हार्ड डिस्कवर थेट काम करत नाहीत, कारण उपकरण नुसते सुरू केले तरी आतल्या नोंदी बदलू शकतात. डिस्कवर काही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था करून तिची हुबेहूब प्रत काढतात. मग मूळ आणि प्रत या दोन्हींवर एक ठरलेले गणित चालवतात. त्यातून निघणाऱ्या आकड्याला ‘हॅश’ म्हणतात. दोन्ही हॅश जुळले, तर प्रत अस्सल. मूळ मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो. हॅशवरून मूळ मजकूर काढता येत नाही, म्हणून तो डिजिटल अंगठ्याचा ठसा मानतात.

मात्र ९१ आणि १०० दोघेही १०१ वर येतात, तसे दोन वेगळ्या फायलींचे हॅश एकच आले तर ठसा निरुपयोगी ठरतो. ‘एमडी ५’ या जुन्या पद्धतीत असे घडवून आणता येते, हे २००४ मध्ये दाखवले गेले. ‘शा १’ बाबत तेच २०१७ मध्ये सिद्ध झाले. म्हणून आता ‘शा २५६’ अधिक भरवशाची मानली जाते.

मग ६१७४ चे काय?

कापरेकरांची सर्वाधिक गाजलेली संख्या ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि हेच पुन्हा करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुरुवात कुठूनही करा, शेवट एकच. पुराव्याच्या हॅशमध्ये नेमका याच्या उलट गुण लागतो : सुरुवात जरा बदलली की शेवट बदललाच पाहिजे.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात हॅशचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे नमूद करायचे असते. उपकरण कोणाकडून कोणाकडे गेले याची नोंदही सलग हवी. म्हणून फसवणूक झाल्यास केवळ स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश पुसणे घातक ठरते. संदेश तसेच ठेवून १९३० या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी.

शाळामास्तरांच्या वाट्याला काय आले?

कापरेकरांच्या कामाकडे देशातल्या गणितज्ञांनी बराच काळ गांभीर्याने पाहिले नाही. पुष्कळसे लेखन त्यांनी स्वतःच छापले. १९६६ मध्ये पत्नी गेली, निवृत्तिवेतन अपुरे पडले आणि उतारवयात त्यांना शिकवण्या घ्याव्या लागल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्यावर लिहिले आणि नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. आज ६१७४ जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो आणि ‘डेम्लो’च्या रूपाने डोंबिवलीचे जुने नाव गणितात टिकून आहे.