भग्न वास्तूंचा साक्षीदार : राजा दीनदयाळ

सूर्य मावळतीकडे कलला, की ढासळलेल्या कमानींना आणि कळस हरवलेल्या शिखरांना तांबूस झळाळी चढते. दगडातली प्रत्येक खाच उठून दिसते, सावल्या लांबतात आणि भोवतालचा उजाड माळही चित्रात शोभून दिसतो. म्हणूनच मांडू असो, वेरूळ असो वा गोवळकोंडा, कॅमेरा घेऊन आलेला माणूस तेथे संध्याकाळची वाट पाहत थांबतो. मात्र भारतातील भग्न वास्तूंची अजोड छायाचित्रे एकोणिसाव्या शतकात ज्यांनी टिपली, त्या लाला दीनदयाळ यांच्या कॅमेऱ्यातील काचांना मावळतीचा हा लाल रंग दिसतच नव्हता. तरीही या वास्तूंचे वैभव आणि त्यांची पडझड या दोहोंची इतकी विश्वासार्ह नोंद त्यांच्या काळात फार थोड्यांनी केली.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. पिढीजात व्यवसायाऐवजी त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची वाट धरली. रुडकी येथील थॉमसन महाविद्यालयातील शिक्षण १८६६ मध्ये पूर्ण करून ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. इमारतींचे आराखडे काढणे आणि खर्चाचे अंदाज बांधणे हे त्यांचे काम होते. भिंतीची उंची, खांबांमधील अंतर, तोलाची जागा यांकडे पाहण्याची सवय या नोकरीने त्यांना लावली. पुढे त्यांच्या छायाचित्रांत जी शिस्त दिसते, तिचे मूळ या दिवसांत शोधावे लागते.

छायाचित्रण त्यांनी हाती घेतले ते १८७४ च्या सुमारास, वयाच्या तिशीत आणि तेही हौस म्हणून. इंदूरच्या गादीवर तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर होते, तर मध्य भारतात गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी म्हणून सर हेन्री डेली काम पाहत होते. या दोघांनीही दीनदयाळ यांच्यातील गुण ओळखला. मराठी संस्थानिकाचा आश्रय आणि इंग्रज अधिकाऱ्याची शिफारस असे दुहेरी पाठबळ त्यांना मिळाले. काही वर्षांतच संस्थानिक, व्हाइसरॉय आणि राजघराण्यातील पाहुणे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसू लागले.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे शारीरिक कष्टाचेही काम होते. दीनदयाळ यांनी सुरुवात केली तेव्हा ओल्या काचेची पद्धत प्रचारात होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ते धुऊन पक्के करायचे. त्यामुळे जेथे कॅमेरा तेथे अंधारी राहुटी, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सारे न्यावे लागे. पुढे तयार कोरड्या प्लेट बाजारात आल्या आणि राहुटीची कटकट सरली. मात्र चित्र मोठे आणायचे, तर निगेटिव्हची काचही तेवढीच मोठी लागे, कारण छाप काचेला कागद भिडवूनच काढला जाई. अशा जड आणि ठिसूळ काचांच्या पेट्या घेऊन आडवाटेच्या देवळापर्यंत पोहोचायचे आणि त्या न फुटता परत आणायच्या, ही स्वतंत्र कसरतच होती.

याहून मोठी अडचण प्रकाशाची होती. त्या काळच्या काचांवरील रसायन निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई. लाल प्रकाशाचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नसे. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे उमटे आणि लालसर दगड काळवंडलेला दिसे. ग्वाल्हेरच्या मानमंदिरावरील प्रसिद्ध निळ्या फरशा अशा काचेवर फिकट होऊन जात. सूर्य क्षितिजाला टेकल्यावर जो प्रकाश उरतो, त्यात तांबड्याचाच अंश अधिक. म्हणजे डोळ्याला सर्वांत मोहक वाटणारी वेळ छायाचित्रकाराच्या दृष्टीने जवळजवळ अंधाराची होती. लाल रंगही नीट टिपणाऱ्या प्लेट इंग्लंडच्या बाजारात १९०६ मध्ये आल्या. तोपर्यंत दीनदयाळ हे जग सोडून गेले होते.

मग उरते ती छाया. रंग मिळत नसला, तरी कललेल्या उन्हात कोरीवकामाला येणारा उठाव काचेवर मिळवता येतो. त्यासाठी वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि तिच्यावर ऊन केव्हा पडते, हे आधी जाणावे लागते. मानमंदिराची कड्यावरची देखणी बाजू पूर्वेकडे आहे. संध्याकाळी ती सावलीत जाते. वेरूळचे कैलास लेणे मात्र पश्चिमाभिमुख असल्याने दुपार उलटल्यावर उजळते. इमारतींचे नकाशे वाचण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे गणित अवघड नव्हते.

त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा १८८२ मध्ये आला. डेली यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया, सांची, तसेच विदिशेजवळचे उदयपूर अशा स्थळांची ऐंशीहून अधिक छायाचित्रे या कामातून जमा झाली. १८८६ मध्ये ती मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील एका भव्य ग्रंथात प्रसिद्ध झाली. ग्रंथकर्ता म्हणून नाव ग्रिफिन यांचे लागले. आज मात्र हा ग्रंथ अभ्यासक उघडतात ते मजकुरापेक्षा त्यातील चित्रांसाठी.

या चित्रांत वास्तू एकटी उभी नसते. तिच्याभोवतीची झुडपे, पडलेले चिरे, मागची टेकडी आणि लांबवर पसरलेली पठारी जमीन यांनाही चौकटीत जागा मिळते. पायऱ्यांवर किंवा खांबाशी एखादा माणूस उभा असतो. त्याच्यावरून शिखराच्या उंचीचा अंदाज येतो. भग्नावशेषांचे रम्य चित्र रंगवण्याची आवड त्या काळच्या युरोपीय प्रवाशांना होती. दीनदयाळ यांनी ती रम्यता नाकारली नाही, पण तिच्यासाठी मोजमापही सोडले नाही. त्यांच्या उभ्या रेषा सरळ असतात आणि भेग कोठे आहे हे स्पष्ट कळते.

या काटेकोरपणाचे मोल पुढे कळले. सांचीचेच उदाहरण पाहावे. सर जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली १९१२ ते १९१९ या काळात तेथील स्तूपांची व्यापक दुरुस्ती झाली आणि मोठ्या स्तूपाच्या माथ्यावरील कठडा व छत्र पुन्हा उभे राहिले. आज पर्यटक पाहतो ती सांची बऱ्याच अंशी या दुरुस्तीनंतरची आहे. त्याआधी काय शिल्लक होते आणि काय नव्याने बसवले गेले, हे तपासताना दीनदयाळ यांच्यासारख्यांची जुनी छायाचित्रे पुरावा म्हणून कामी येतात.

वास्तूंच्या चित्रांनी नाव झाले, तरी पोट भरले ते माणसांच्या चित्रांनी. १८८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी सरकारी नोकरीचा निरोप घेतला आणि हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी ते छायाचित्रकार झाले. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ उभा राहिला. पडद्यातील स्त्रियांची छायाचित्रे घेण्यासाठी १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज महिलेकडे सोपवला. निजामाने १८९४ मध्ये त्यांना राजा मुसव्विर जंग हा किताब दिला; मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९६ मध्ये त्यांचा स्टुडिओ मुंबईतही सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाकडून राजछायाचित्रकाराची सनद मिळाली.

दरबारी मेजवान्या, शिकारी आणि लष्करी कवायती यांच्या धबडग्यातही जुन्या वास्तू त्यांच्या कॅमेऱ्यापासून दुरावल्या नाहीत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे वेरूळची लेणी आणि औरंगाबादचा बीबी का मकबरा यांची चित्रे त्यांच्या हैदराबाद राज्यविषयक संग्रहात आली. मराठी वाचकाच्या परिचयाची ही ठिकाणे एका शतकाहून अधिक काळापूर्वी कशी दिसत होती, हे पाहण्याची संधी त्यातून मिळते.

अखेरची वर्षे सुखाची नव्हती. १९०४ मध्ये त्यांचा मुलगा धरमचंद याचे निधन झाले आणि ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळही गेले. दुसरे पुत्र ग्यानचंद यांनी व्यवसाय पुढे चालवला. पण १९११ मध्ये महबूब अली खान यांचा मृत्यू झाल्यावर जुन्या आश्रयाचा काळ संपला. हातात मावणारे स्वस्त कॅमेरेही एव्हाना घरोघरी पोहोचू लागले होते. पेढीचा व्याप आटत गेला. तिने साठवलेल्या काचांचे काय होणार, हा प्रश्न कित्येक दशके लोंबकळत राहिला. ज्याने इतर वास्तूंची पडझड नोंदवली, त्याचेच काम नष्ट होण्याच्या वाटेवर होते.

सुदैवाने ते पूर्णपणे घडले नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये कुटुंबाकडे राहिलेल्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मिळवल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने दीनदयाळ यांच्यावर तिकीट काढले आणि २०१० मध्ये कला केंद्राच्या संग्रहातील छायाचित्रांचे प्रदर्शन दिल्लीत भरले.

आज हातातला मोबाइलही मावळतीचे सारे रंग क्षणात टिपतो. गडकोटांच्या आणि पडक्या देवळांच्या अशा चित्रांना तोटा नाही. त्यात बहुधा आकाशच अधिक आणि वास्तू केवळ काळी आकृती असते. आकाश कोरे ठेवणाऱ्या काचांमुळे दीनदयाळ यांना हा मोह घालता येण्यासारखाच नव्हता. त्यांना दगडाकडेच पाहावे लागले, आणि म्हणून कोणता दगड जागेवर होता व कोणता निखळला होता, हे त्यांच्या चित्रांतून आजही सांगता येते. आपल्या आसपासच्या ज्या वास्तू दर पावसाळ्यात थोड्या थोड्या ढासळत आहेत, त्यांचेही सूर्य बुडण्यापूर्वी, पुरेशा उजेडात घेतलेले एक तरी स्वच्छ छायाचित्र पुढच्या पिढीसाठी असायला हवे.