शब्दांवाचून सात उद्गार

आम्ही खानदेशातून सुरतेस राहावयास आलो, तेव्हाचा पहिला उत्तम शुक्रवार आठवतो. दुपारी बारा ते तीनची उपासना गुजरातीत होती. सात वक्ते वधस्तंभावरील सात उद्गारांवर बोलले. त्यातले निम्मे मला कळले नाही. पण प्रत्येक संदेशानंतर एक भाऊ पेटी वाजवीत, नुसतीच, गाणे नाही. आणि तेवढा वेळ मला सारे कळत होते. पुढे जोसेफ हायडनचे चरित्र वाचताना ती दुपार पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

हायडनचा जन्म १७३२ साली ऑस्ट्रियातील रोराउ या खेड्यात झाला. बाप गाड्यांची चाके करी. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे, पण हार्प वाजवून तो गात असे. आई सरदाराच्या वाड्यात स्वयंपाकीण होती. गळा गोड, म्हणून मुलगा सहाव्या वर्षाच्या सुमारास घराबाहेर पडला आणि पुढे व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकवृंदात आला. आवाज फुटला, तसे त्याला काढून टाकण्यात आले. मग शिकवण्या, आणि एका गायनाचार्याच्या घरी जवळजवळ गड्याचे काम. १७६१ मध्ये एस्टरहाझी या धनाढ्य घराण्यात नोकरी लागली, आणि मालकाचा गणवेश घालून त्याने तिथे सुमारे तीस वर्षे काढली. तो रोमन कॅथलिक होता. रचनेच्या आरंभी प्रभूचे नाव व शेवटी देवाची स्तुती लिहिण्याची त्याची सवय होती. आपल्यापैकी कितीजण कामाच्या वहीवर असे लिहितात?

त्याची कीर्ती स्पेनपर्यंत पोचली होती. तेथील कादिझ शहरातून त्याला एक विलक्षण काम आले. उत्तम शुक्रवारी तेथे भिंती व खांब काळ्या कापडाने झाकीत. मधोमध एकच मोठा दिवा टांगलेला असे. भर दुपारी दारे लावून घेत. बिशप एकेक उद्गार उच्चारून त्यावर बोलत, आणि खाली उतरून वेदीपुढे गुडघे टेकीत. त्या गुडघे टेकण्याच्या वेळेसाठी केवळ वाद्यांचे संगीत हवे होते. म्हणजे सात संथ रचना, प्रत्येक सुमारे दहा मिनिटांची, एकीमागून एक! ऐकणारा थकू नये हे सोपे नव्हते, असे हायडनने स्वतः नोंदवून ठेवले आहे. कादिझला तो कधी गेलाही नाही.

त्याने प्रत्येक रचनेची पहिली सुरावट त्या त्या उद्गाराच्या लॅटिन शब्दांच्या मापाने बेतली आणि ते शब्द व्हायोलिनच्या ओळीखाली छापविले. वाजविणाऱ्याला ते दिसत. ऐकणाऱ्याला मात्र नुसते स्वर. पश्चात्तापी चोराला दिलेल्या अभिवचनाची रचना घ्या. सुरावट प्रथम कोमल गंधाराने येते, काळोखी. मग तीच सुरावट शुद्ध गंधार घेऊन परतते, आणि मनुष्य तोच असून त्याच्या तोंडावर उजेड पडावा तसे वाटते. तहानेच्या रचनेत इतर तारा बोटांनी छेडल्या जातात, टप टप टप, आणि वर व्हायोलिनचे दोनच उतरते स्वर. मला त्यात पाणी ऐकू येते, पण ओठांपर्यंत न पोचणारे. माझ्या पत्नीला कोरड्या जिभेचा आवाज ऐकू येतो. आमचा हा वाद मिटलेला नाही. सर्व पूर्ण झाल्याचा उद्गार सारी वाद्ये मिळून थोड्याच जड स्वरांत टाकतात. शेवटच्या उद्गारात व्हायोलिनचा आवाज मुद्दाम दाबलेला आहे. आणि तो विझतो न विझतो तोच, न थांबता, भूकंप कोसळतो.

१७८७ मध्ये ही कृती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी चार तंतुवाद्यांसाठीही तिची मांडणी झाली. पुढे पासाउ गावी कोणी तिला शब्द जोडून गायल्याचे हायडनने ऐकले, आणि आपण हे अधिक चांगले करू असे वाटून १७९६ मध्ये त्याने स्वतःच गायनाची मांडणी केली. तीही सुंदर आहे. तरी मला पहिलीच आवडते. शब्द आले की आपण ते समजू लागतो, आणि गुडघ्यावरून उठून बसतो.

१७९८ मध्ये उत्पत्तीवरील त्याची मोठी कृती प्रथम सादर झाली. १८०८ साली तीच ऐकण्यासाठी त्याला खुर्चीत बसवून सभागृहात नेले; तेच त्याचे लोकांतले शेवटचे दर्शन. पुढल्या वर्षी नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर धडाडत असता घराजवळच गोळा पडला, तेव्हा घाबरलेल्या नोकरांना धीर देणारा हा सत्त्याहत्तर वर्षांचा दुबळा म्हाताराच होता. ३१ मे १८०९ रोजी शत्रूने व्यापलेल्या त्या शहरात त्याने शांतपणे प्राण सोडला.