पाणी उतारावर चालवणारा मलिक अंबर

इथिओपियातील हरार परिसरात 1548 च्या सुमारास जन्मलेल्या एका मुलाचे नाव चापू होते. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. हात बदलत बदलत तो बगदादला पोहोचला. तिथे मीर कासीम या व्यापाऱ्याने त्याला लिहायला, वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले, त्याचे नाव अंबर ठेवले. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशी होता आणि गुलामीतूनच त्या पदापर्यंत पोहोचला होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला. छत्रपती संभाजीनगर शहराची पहिली पाणीपुरवठा योजना या माणसाने उभी केली.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला. काही वर्षे त्याने विजापूर आणि गोवळकोंड्याकडे चाकरी केली, मग तो पुन्हा निजामशाहीत आला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राजधानी गेली तरी राज्य संपू द्यायचे नाही, असा निर्धार अंबरने केला. परांड्याला त्याने मूर्तझा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी राजधानी फिरत राहिली. अखेर 1610 मध्ये खडकी या छोट्या गावी नवी राजधानी वसवायला सुरुवात झाली. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे.

खडकाळ जागा, पाण्याची पंचाईत

खडकी हे नावच जमिनीचा स्वभाव सांगते. खाली काळा बेसॉल्ट, वर मुरमाचा थर. खाम नदी पावसाळ्यात वाहते, उन्हाळ्यात आटते. गावापुरते पाणी विहिरींतून मिळत होते, पण दरबार, फौज, घोडे, हत्ती आणि बाजारपेठ यांना ते पुरणारे नव्हते.

उपाय उत्तरेकडच्या हर्सूल, सावंगी बाजूच्या डोंगरउतारांत सापडला. डोंगरावर पडलेला पाऊस मुरमाच्या थरात झिरपतो, खालच्या अखंड खडकावर अडतो आणि उताराच्या दिशेने जमिनीखालून सरकत राहतो. या झिरपणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या किंचित खालून आडवा भुयारी मार्ग खोदला, तर चारी बाजूंनी पाणी त्यात उतरते. मार्गाला अगदी थोडा उतार दिला की ते आपोआप शहराकडे चालू लागते. इराणमध्ये ही पद्धत शेकडो वर्षे वापरात होती आणि दख्खनच्या सुलतानांनाही तिची ओळख होती. खडकीत तिला नहर-ए-अंबरी हे नाव मिळाले. हे काम 15 महिन्यांत आणि सुमारे अडीच लाख रुपयांत पुरे झाले, असे परंपरेने सांगितले जाते.

अशा कामातली सारी करामत उताराची असते. उतार कमी पडला तर गाळ बसतो, जास्त झाला तर वाहते पाणी भिंती खरवडते. म्हणून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी घेतल्या जात. खोदकामाचा मुरूम त्यातून वर येई, कामगारांना हवा मिळे आणि पुढे गाळ काढायला माणूस त्यातूनच खाली उतरे. शहरात आल्यावर पाणी खापरी नळांतून पुढे जाई. वाटेत दगडविटांचे उंच मनोरे असत. त्यांना बंबे म्हणतात. पाणी एका बाजूने वर चढते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. त्यामुळे नळात अडकलेली हवा निघून जाते, जादा दाब कमी होतो आणि खापरी नळ फुटत नाहीत. आज जलवाहिनीवर बसवला जाणारा एअर व्हॉल्व्ह यातले हवा काढण्याचे काम करतो.

शत्रूही तेच करत होता

अंबरशी लढायला आलेल्या मोगल सेनानींपैकी एक होता अब्दुर्रहीम खानखाना, दोहे लिहिणारा रहीम तो हाच. त्याच्या बुऱ्हाणपूरला 1615 च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्यापासून भूमिगत पाणीमार्ग आणला गेला. तो आज कुंडी भंडारा म्हणून ओळखला जातो. रणांगणावर एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघे आपापल्या शहराची तहान एकाच शास्त्राने भागवत होते.

अंबरचे बरेचसे आयुष्य लढण्यात गेले. मोगलांच्या मोठ्या फौजेला समोरासमोर भिडण्याऐवजी रसद तोडायची, रात्री छापे घालायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, ही त्याची रीत. त्याच्या फौजेत मराठा सरदार मोठ्या संख्येने होते. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले त्यांपैकीच. 1616 मध्ये आणि पुन्हा 1621 मध्ये मोगलांनी खडकीत शिरून जाळपोळ केली. घरे आणि वाडे जळतात. जमिनीखालचे पाणी जाळता येत नाही. राखेतून शहर पुन्हा उभे राहिले.

1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजा चालून आल्या. तेव्हा अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूचा मार्ग आणि तळ चिखलात बुडवला. पाणी कुठून कुठे जाईल, याची नजर असलेल्या माणसाने तेच पाणी हत्यार म्हणून वापरले. या लढाईत शहाजीराजांनी मोठा पराक्रम गाजवला.

पैसा कुठून आला

सततची युद्धे आणि नवे शहर या दोन्हींचा खर्च शेतसाऱ्यातून येत होता. अंबरने जमिनीची प्रत पाहून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवण्याची पद्धत बसवली. मक्तेदारांनी वाटेल तसे उकळण्याला त्यामुळे आळा बसला. मलिकंबरी धारा या नावाने ती पद्धत पुढेही ओळखली जात राहिली. नहरीचा मुख्य खर्च बांधकामाचा होता आणि तो राज्याने एकदाच केला. नंतर पाणी गुरुत्वाकर्षणाने येई. घागरीमागे खर्च शून्य, पण वर्षाकाठी गाळ काढणे आणि फुटके नळ बदलणे हा खर्च मात्र कायमचा होता.

14 मे 1626 रोजी अंबरचे निधन झाले. त्याचा मुलगा फतेहखान याच्या काळात 1633 मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेले आणि निजामशाही मावळत गेली. औरंगजेबाने खडकीला आपले नाव दिले. पण नहर चालूच राहिली. मोगल आणि निजामाच्या काळात तिला आणखी नहरी जोडल्या गेल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अठराव्या शतकातली. डोंगराकडून नळाने आणलेले पाणी उंचावरून पडून जाते फिरवी आणि त्यावर यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई.

आरोग्याचा हिशेब

त्या काळी जंतू कोणाला ठाऊक नव्हते. तरीही झाकलेल्या, वाहत्या पाण्याचा फायदा मोठा होता. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाय बुडवून पाणी भरत आणि त्यातूनच नारूचा रोग पसरे. रोग्याच्या पायावरच्या फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात उतरतात, सूक्ष्म जलजीव ती गिळतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात नारू वाढतो. बंद नळाच्या पाण्यात पाय घालायची सोयच नाही. मराठवाड्यातल्या खेड्यांनी नारूचा त्रास विसाव्या शतकापर्यंत सोसला. भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2000 मध्ये जाहीर केले.

शहर वाढले, वस्त्या नहरींच्या माथ्यावर आल्या, उभ्या विहिरी बुजल्या, नळांत मुळे आणि सांडपाणी शिरले. कूपनलिकांनी डोंगराकडचे पाणी खोल नेले. गाळ काढणारे हात थांबले आणि नहरी एकेक करून आटल्या.

आज शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर, तर शहर साधारण 100 मीटर उंचावर. अंबरचे पाणी उतरत येई, आताचे चढवावे लागते. एक कोटी लिटर पाणी 100 मीटर उचलायला, पंपाची आणि वाहिनीतली गळती व घर्षण सोडूनही, सुमारे 2,700 युनिट वीज लागते. हा खर्च रोजचा आहे आणि पाणी आले तरी, गळतीत वाहून गेले तरी तो भरावाच लागतो.

पाणी अनेक दिवसांआड येऊ लागले तेव्हा नागरिकांनी पूर्ण पट्टी का भरावी, असा प्रश्न उभा राहिला. 2022 मध्ये घरगुती नळाची वार्षिक पाणीपट्टी 4,050 वरून 2,025 रुपयांवर आणली गेली. दुसरीकडे, 1,680 कोटींची म्हणून सुरू झालेली नवी योजना 2,700 कोटींच्या पुढे गेली. पट्टी घटली म्हणून कुटुंबाचा खर्च घटतोच असे नाही. टँकर आणि जार विकत घ्यावे लागतात. नळ कोरडे असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. कावीळ आणि विषमज्वराची वाट तीच. दिवसचे दिवस साठवलेल्या पिंपांत डेंग्यूचा डास अंडी घालतो. दवाखान्याचे बिल पाणीपट्टीच्या पावतीवर कधी दिसत नाही.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे. तिथून थोड्याच अंतरावर औरंगजेबही विसावला आहे. एकाने शहर वसवले, दुसऱ्याने त्याला आपले नाव दिले. ते नाव 2023 मध्ये बदलले. खडकीला मात्र पाणी लागत होते, औरंगाबादला लागत होते, छत्रपती संभाजीनगरलाही लागतेच आहे. पाण्याची योजना बांधायला अंबरला दोन वर्षेही लागली नाहीत, असे सांगतात. ती शतकानुशतके वाहती राहिली ती वर्षावर्षाला खाली उतरून गाळ उपसणाऱ्या, नाव न उरलेल्या माणसांमुळे.